वाटेची दोन टोके : वर्धा जिल्ह्यातील पदयात्रा आणि ये-जा करण्याची व्यवस्था

१

भूदान चळवळीवरील एका व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने मला विचारले, "विनोबा पवनारहून पायी हैदराबादेकडे गेले, हे सर्व पुस्तकांत सापडते. परंतु ते परत कसे आले?" प्रश्न साधा होता. उत्तरही साधेच होते : ते पायीच परत आले. परंतु पदयात्रांविषयी लिहिताना आपण वाटेच्या मधल्या भागावर सारे लक्ष देतो आणि तिची दोन टोके सहसा सोडून देतो, हे त्या प्रश्नामुळे ध्यानात आले. चालण्यास आरंभ करावयाच्या ठिकाणी माणूस कसा पोचतो आणि चालणे संपल्यावर घरी कसा येतो, हा विषय किरकोळ व्यवस्थेचा समजला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तसा नाही. पदयात्रेत कोणाला सामील होता येते, किती दिवस टिकता येते आणि तिचा खर्च अखेर कोणाच्या अंगावर पडतो, हे बहुतांशी या दोन टोकांवर ठरते.

या दृष्टीने वर्धा जिल्ह्याचे उदाहरण विशेष अभ्यासनीय आहे. आधुनिक भारतातील एका फार मोठ्या पदयात्रेचे प्रस्थान या जिल्ह्यातून झाले. आणि हाच जिल्हा रेल्वेच्या एका महत्त्वाच्या सांध्यावर वसलेला आहे. वाहनाचा त्याग आणि वाहनाची सोय या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या शेजारी नांदल्या. त्यांचा परस्परसंबंध काय होता, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे आरंभ शब्दांपासून करणे क्षम्य ठरावे. प्रवासासंबंधीचा आपला शब्दसंग्रह अनेक थरांचा आहे. 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश' पासून आला. 'मजल' आणि 'मुक्काम' हे अरबी मूळचे शब्द फारसीच्या द्वारा मराठीत रुळले. 'पडाव' हा हिंदीशी समाईक शब्द भूदानयात्रेच्या काळात सभांतून व वृत्तपत्रांतून घरोघर पोचला. आणि 'स्टेशन', 'मोटार', 'तिकीट' हे शब्द रेल्वे व पक्क्या सडका यांच्या सोबतीने आले. विदर्भाच्या बोलीत बैलगाडीला 'बंडी' म्हणतात, बसण्याच्या हलक्या गाडीला 'रेंगी' किंवा 'दमणी' म्हणतात, आणि दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेस 'पांदण' म्हणतात. वर्ध्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पांदणीचे काय होते, हे ज्याने चाक रुतलेली बंडी ढकलली आहे त्याला सांगावयास नको.

या संग्रहातील दोन शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. पहिला 'ये-जा'. या जोडशब्दात येणे आधी व जाणे नंतर आहे. बोलणारा स्वतःच्या गावात उभा आहे आणि वाटेकडे पाहतो आहे, असे त्यात गृहीत आहे. दुसरा शब्द 'वारी'. वारी म्हणजे एकदाच केलेली यात्रा नव्हे. ठराविक काळाने पुनःपुन्हा घडणारे जाणे म्हणजे वारी. जो परत आला नाही त्याला पुन्हा जाता येत नाही. म्हणून वारी या कल्पनेतच परतणे अंतर्भूत आहे. 'पदयात्रा' या शब्दात मात्र केवळ पाय आणि प्रयाण आहे. परतण्याविषयी तो काहीच सांगत नाही. पुढे जे विवेचन करावयाचे आहे त्याचे बीज या फरकात आहे.

३

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा काढण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी रेल्वे नागपुरास पोचली, तीही वर्ध्यावरूनच. पुढे हिंगणघाटच्या कापसासाठी आणि वरोड्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून दक्षिणेकडे फाटा निघाला. तो बल्लारशापर्यंत वाढला, आणि १९२९ मध्ये बल्लारशा व काजीपेठ यांमधील दुवा जोडला गेल्यावर दिल्ली-मद्रास असा सरळ लोहमार्ग सिद्ध झाला. म्हणजे मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही प्रवाह वर्ध्याच्या परिसरात एकत्र आले. जिल्ह्याच्या आत पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज गाडीही १९१७ पासून अनेक दशके धावत होती.

देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून एक-दोन गाड्या बदलून वर्ध्यास येता येई. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका येथे वारंवार झाल्या, त्यास जमनालाल बजाज यांचे आतिथ्य हे जसे कारण होते तसेच हा सांधाही होता. परंतु स्टेशनावर उतरल्यावर खरा प्रश्न उभा राही. गांधीजी मगनवाडीतून निघून ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव ऊर्फ सेगाव या खेड्यात राहावयास गेले ते पायी गेले. अंतर सुमारे पाच मैल; वाट कच्ची. महादेवभाई देसाई यांचे बिऱ्हाड काही काळ मगनवाडीतच असल्यामुळे ते दररोज ही वाट चालून जात आणि चालून परत येत. वैशाखातील वर्ध्याचे ऊन ध्यानात घेता ही रोजची दहा मैलांची ये-जा कोणत्याही गाजलेल्या पदयात्रेहून कमी नव्हती. मात्र तिला नाव नाही. जून १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार गांधीजींच्या भेटीस आला तेव्हा त्याने वर्ध्याहून टांगा केला. देशोदेशींचे पाहुणे, तारा आणि टपाल या पाच मैलांवर येऊन घोडा, बैल किंवा माणसाचे पाय यांच्या स्वाधीन होत.

याच ठिकाणी भाषा आणि वाहनव्यवस्था यांची एक उद्बोधक गाठ पडली. वऱ्हाडात गजानन महाराजांचे शेगाव आहे. तेथे मुंबई-नागपूर मार्गावरील स्वतंत्र स्टेशन आहे. गांधीजींच्या खेड्याला स्टेशन नव्हते. रोमन लिपीत लिहिताना या दोन नावांत एका अक्षराचाच काय तो फरक राही. परिणामी टपालाची गफलत होऊ लागली, आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या गावी पत्रे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये खेड्याचे नाव 'सेवाग्राम' असे करण्यात आले. या नावातील ध्येयवाद सर्वांना दिसतो. पण त्याच्या जन्मामागे टपालाच्या थैलीची अडचण होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पुढे वर्धा पूर्व या रेल्वे स्टेशनालाही सेवाग्राम हे नाव मिळाले. टपाल चुकू नये म्हणून घेतलेले नाव अशा रीतीने स्टेशनाच्या फलकावर आले.

४

पदयात्रेच्या दोन टोकांचा प्रश्न गांधीजींच्या आधीच्या यात्रांतही दिसतो. १९३० ची दांडीयात्रा साबरमती आश्रमाच्या दारातून निघाली. १२ मार्चपासून चोवीस दिवसांत सुमारे २४० मैल, म्हणजे दररोज सरासरी दहा मैल. आरंभाचे टोक अशा रीतीने घरातच होते. मुक्कामाच्या गावांची व्यवस्था पाहण्यासाठी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची 'अरुण टुकडी' पुढे गेलेली होती. शेवटच्या टोकाची तजवीज मात्र मुद्दामच केलेली नव्हती. कारण स्वराज्य मिळाल्यावाचून आश्रमात परतणार नाही, अशी गांधीजींची प्रतिज्ञा होती. परतीचे वाहन अखेर सरकारनेच पुरविले. ५ मे १९३० रोजी कराडी येथील मुक्कामात मध्यरात्रीनंतर त्यांना अटक झाली, रेल्वेने बोरिवलीपर्यंत आणि तेथून मोटारीने येरवड्यास नेण्यात आले. त्या प्रतिज्ञेमुळे साबरमतीचे दार मिटलेले राहिले, आणि गांधीजींच्या उत्तरायुष्यातील वर्धापर्वास वाट मोकळी झाली.

७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्यातून हरिजनयात्रा सुरू झाली. ती प्रामुख्याने रेल्वे आणि मोटार यांची यात्रा होती. मे १९३४ मध्ये ओरिसात असताना गांधीजींनी वाहन सोडले आणि पुरीहून पायी चालण्यास आरंभ केला. त्या प्रांतातील पदयात्रा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. येथे चालण्याचा आरंभ घरापासून दूर झाला. पुरीपर्यंतचे टोक वाहनाने गाठलेले होते. दांडी आणि ओरिसा हे असे दोन भिन्न नमुने आहेत : एकात घरापासून चालणे, दुसऱ्यात वाहनाने जाऊन चालणे. विनोबांनी पहिला निवडला आणि तो शेवटपर्यंत, म्हणजे परतीसह, पाळून दाखविला.

५

विनोबा १९२१ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३८ पासून धाम नदीकाठी पवनार येथे राहू लागले. १९५१ च्या आरंभी तेथे 'कांचनमुक्ती'चा प्रयोग चालू होता. पैशाच्या व्यवहारावाचून, स्वतःच्या श्रमावर जगण्याचा तो प्रयत्न होता. अशा वेळी हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरणार होते आणि विनोबांनी यावे असा शंकरराव देवांचा आग्रह होता. विनोबा जावयास तयार झाले, पण पायी.

या निर्णयाचा अर्थ नेहमी आध्यात्मिक भाषेत लावला जातो. त्याला एक व्यवहाराचा पैलूही आहे. पैशाचा व्यवहार सोडणाऱ्याने तिकीट कशाने घ्यावे? तिकीट दुसऱ्याने काढले, तर पैसा टळला असे होत नाही. तो केवळ दुसऱ्याच्या हातात गेला. वर्धा-काजीपेठ मार्गाने एका दिवसाच्या आत होणारा प्रवास विनोबांनी एका महिन्याचा केला. ८ मार्च १९५१ रोजी ते निघाले आणि सुमारे तीनशे मैल चालून एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस शिवरामपल्लीस पोचले. वर्धा, पैनगंगा आणि गोदावरी या नद्या त्या दिशेत आडव्या येतात. त्या काळी वर्धा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता आणि हैदराबाद हे वेगळे राज्य होते. दररोज दहा मैल हे मान कोणत्याही धट्ट्याकट्ट्या शेतकऱ्यास साधेल असे आहे, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. यात पराक्रमाचा आव नव्हता.

संमेलनानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. १५ एप्रिल रोजी शिवरामपल्लीहून निघून तेलंगणातील अशांत टापूतून विनोबा चालू लागले आणि १८ एप्रिल रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे व्ही. रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही घटना परतीच्या प्रवासाची तजवीज करताना घडली. विनोबा शिवरामपल्लीहून गाडीने परत निघाले असते तर पोचमपल्ली वाटेत आलेच नसते. चालत आलेल्या माणसाला चालतच परत जावयाचे होते. वाट कोणती घ्यावयाची एवढाच प्रश्न होता, आणि त्यांनी आडवाट घेतली. भूदान चळवळीचा उगम परतीच्या वाटेवर झाला, असे म्हणण्यास हरकत नसावी. जूनच्या अखेरीस ते पवनारला पोचले तेव्हा तेलंगणात मिळालेल्या जमिनीचा आकडा सुमारे बारा हजार एकर झाला होता. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पुरते उत्तर हे आहे.

त्याच वर्षी नियोजन मंडळाशी विचारविनिमय करण्यासाठी पंडित नेहरूंचे निमंत्रण आले. १२ सप्टेंबर १९५१ रोजी पवनारहून निघून विनोबा १३ नोव्हेंबर रोजी दिल्लीस पोचले. बासष्ट दिवसांत सुमारे आठशे मैल, म्हणजे दररोज जवळजवळ तेरा मैल. यावेळी मात्र परतणे लांबले. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, काश्मीर, आसाम अशी वाट वाढत गेली; १९६२ मध्ये ती पूर्व पाकिस्तानातूनही गेली. पवनारला ते आले १० एप्रिल १९६४ रोजी, म्हणजे बारा वर्षे सात महिन्यांनी.

६

परंतु विनोबांची दोन्ही टोके पवनारला होती, म्हणून इतरांचीही तशीच होती असे नाही. येथे प्रश्नाचे स्वरूप पालटते. यात्रा दूरच्या प्रांतात गेल्यावर तीत सामील होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकास आधी तिला गाठावे लागे, आणि ती एका जागी नसे. आज ती या गावी, उद्या दहा-बारा मैलांवरील दुसऱ्या गावी. पडावाचे नाव आधी कळणे, जवळचे स्टेशन कोणते हे ठाऊक असणे, स्टेशनापासून मोटार, टांगा किंवा बैलगाडी मिळणे, आणि पहाटेच्या प्रस्थानापूर्वी तेथे पोचणे, या चारही गोष्टी जुळाव्या लागत. हॅलम टेनिसन आणि लान्झा देल व्हास्तो यांच्यासारखे युरोपातील लेखक या यात्रेत येऊन चालले व त्यांनी त्यावर पुस्तके लिहिली. त्यांच्या पायी चालण्यामागेही समुद्र, रेल्वे आणि सडक यांची साखळी होतीच. मालकाने देऊ केलेल्या जमिनीवर ज्याचे नाव लागावयाचे होते तो भूमिहीन मजूर मात्र यात्रा आपल्या गावावरून जाईल तेवढाच वेळ तिच्यात असे. पुढच्या पडावापर्यंत चालत जाणे त्याला शक्य होते. पण येण्यातही एक दिवस जाई, म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडे. पायी चालण्यास भाडे पडत नाही, हे खरे. परंतु परतण्यास वेळ पडतो, आणि मजुराचा वेळ हाच त्याचा पैसा असतो.

पंढरीच्या वारीशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीसोहळ्यास जे रूप दिले त्यात जाण्याइतकीच येण्याचीही शिस्त आहे. पालखी आषाढी पौर्णिमेला काला झाल्यावर पंढरपुराहून निघते आणि पायीच आळंदीस परतते. परंतु जाताना लाखोंचा समुदाय असतो. येताना मोजकी माणसे. बाकीचे वारकरी रेल्वेने, ट्रकने किंवा राज्य परिवहनाच्या जादा गाड्यांनी पेरणीच्या कामावर परततात. वारकऱ्यांना यात काही कमीपणा वाटत नाही. पादुका चालत परतल्या म्हणजे सर्वांची वारी पुरी झाली, असा त्यांचा भाव असतो. परतण्याचा भार थोड्यांनी सर्वांच्या वतीने उचलावयाचा, ही येथील व्यवस्था आहे. वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावरील कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. परंपरेनुसार तिचा आरंभ १५९४ चा मानला जातो. ज्या शेगावशी सेवाग्रामच्या नावाची गफलत होई तेथील गजानन महाराजांची पालखीही पंढरपुरास पायी जाते आणि पायी परत येते. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशींचे 'पालखी' (१९६४) हे पुस्तक ही वारीवरील आपली उत्तम गद्ये. तीही मुख्यत्वे जाण्याच्या वाटेची आहेत. परतीचा वारकरी अद्याप आपल्या अभ्यासात आलेला नाही.

भूदानयात्रेत मात्र अशी वाटणी ठरली नाही. जो चालत होता तो परतत नव्हता, आणि जे परतत होते त्यांच्या परतण्याला सोहळ्यात स्थान नव्हते. यात्रा पुढे सरकली की मागील गावात दानपत्रे राहत. त्यांची मोजणी, वाटप आणि नोंद करण्यासाठी कोणी तरी त्या गावी पुन्हा जावयास हवे होते. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात आल्याची नोंद झाली, तरी तिचा मोठा भाग प्रत्यक्ष वाटला गेला नाही. काही जमीन लागवडीस अयोग्य होती, काही वादग्रस्त होती, कायद्याचीही गुंतागुंत होती. परंतु दान स्वीकारणारी वाट त्या गावावरून पुन्हा गेली नाही, हेही एक कारण मानावे लागते. वारीत दरवर्षी तीच गावे येतात आणि त्याच घरी मुक्काम पडतो. पदयात्रा मात्र नव्या गावाकडे जाते. शब्दांतील फरक येथे जमिनीवर उतरलेला दिसतो.

१९६५ पासून बिहारात ग्रामदानाच्या 'तूफान यात्रे'त विनोबांनी मोटार स्वीकारली. प्रकृती क्षीण झाली होती आणि गावे असंख्य होती. टीकाकारांनी यास तत्त्वच्युती म्हटले. आपण तिला व्यवस्थेच्या अंगाने पाहावे. एका माणसाच्या पावलांनी पोचता येईल त्याहून कार्यक्षेत्र मोठे झाले होते. वेग वाढला, पण मागे परतून पाहण्याची सवड त्यामुळे वाढली असे मात्र दिसत नाही. १९७० मध्ये ते पवनारला परतले, क्षेत्रसंन्यास घेतला, आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

७

आज सेवाग्रामला जाण्यास पक्की सडक आहे, बस आहे, रिक्षा आहे. पाच मैलांचा प्रश्न संपला आहे. डिसेंबर २०२२ पासून जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग वाहतो आहे. त्यावर पायी चालण्यास मनाई आहे. पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाची आखणीही शासनाने पुढे आणली, आणि तिच्या भूसंपादनास अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी विरोध केला. ज्या गावाहून जमीन मागत एक माणूस पायी निघाला, त्याच गावाचे नाव जमीन मागणाऱ्या सडकेच्या एका टोकाला यावे, हा योगायोग आहे. त्यावर घाईने निष्कर्ष काढू नये. पण मागणारा परत त्या गावी येणार आहे की नाही, हे देणाऱ्याने विचारणे दोन्ही प्रसंगी रास्त आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात करण्याजोगे काम पुष्कळ आहे. वर्धा स्टेशनावरील टांगेवाल्यांच्या कुटुंबांच्या आठवणी, पांदणी व गाडीवाटांची बोलीतील नावे, यात्रेत काही पडाव चालून घरी परतलेल्या सामान्य माणसांची कथने, आणि दानपत्रे झालेल्या गावांत पुन्हा गेलेल्या कार्यकर्त्यांच्या नोंदी ही सामग्री जिल्ह्याच्या आवाक्यातील आहे आणि ती सांगणारी पिढी मावळत चालली आहे. अशा कामाला निघताना विद्यार्थ्याने एक पथ्य पाळावे. ज्या गावी माहिती घ्यावयाची तेथे जाण्याची सोय तो पाहीलच. लेख लिहून झाल्यावर तो वाचून दाखविण्यासाठी त्याच गावी परत जाण्याची सोयही त्याने आधीच पाहून ठेवावी.